पाचवा उंबरा

सावरवाडीच्या राजमहंमद मुलाण्यावर माझा पहिल्यापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकतो. माणूस पाण्याखाली जातो, वर येतो आणि खाली काय आहे ते सांगतो. आपण काठावर उभं राहून मान डोलवायची. असा साक्षीदार कुठल्या कोर्टात चालला असता? बरं, त्याला विचारलं, "काय काय दिसलं रे?" तर म्हणायचा, "दिसत काईच न्हाई." दिसत नाही म्हणतो आणि वर्णन तर अगदी पाहिल्यासारखं करतो. म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. त्या काळी मी कामशेतहून टपालाची थैली घेऊन वाड्यावस्त्या फिरायचो. सरकार मला पत्रं पोचवायचा पगार देई. बाकीचं मी फुकट पोचवत असे.

गोष्ट छत्तीस सालची, पण मुळं त्याच्या वीस वर्षं मागं आहेत. वीज कंपनीनं धरण बांधलं आणि जुनी सावरवाडी पाण्याखाली जाणार हे ठरलं. लोक वाशे, कौलं, दारं, खुंट्यासुद्धा काढून डोंगराच्या उतारावर नव्या जागी न्यायला लागले. प्रश्न आला भैरोबाचा. अंबाजी गुरवानं देवाला कौल लावला, देव हलायला राजी आहे का म्हणून. तिन्ही वेळा डावं फूल पडलं. देव काही हलेना. मग पंचांनी तोड काढली: देव खाली एकटा राहणार नाही, गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा त्याच्या सोबतीला खालीच राहील. बाकी काय न्यायचं ते न्या, उंबऱ्याला हात लावायचा नाही. देवानं मोजलं तर गाव पुरं भरलं पाहिजे. रखमाजी पाटलानं सगळ्या गावाला बेलभंडार उचलायला लावला. तो अशा कामात नेहमी पुढं.

पाणी चढलं. देवाचा चांदीचा मुखवटा तेवढा वर आला आणि पाटलाच्या देवघरात राहिला. चैत्रात जत्रेला मुखवटा होडीतून देवळाच्या जागेवर न्यायचा आणि राजमहंमदानं बुडी मारून जुन्या जोत्यावरची मूठभर माती वर आणायची, असा रिवाज पडला. ती ओली माती मुखवट्याला लावली, गावानं कपाळाला लावली की जत्रा सुरू. त्याला म्हणायचे मुठीचा मान. मुलाण्याचं घर गावात एकच, मान एकच, आणि तो असा की पाटलाच्याही कपाळाला त्याचा हात लागल्याशिवाय पोळी ताटात पडत नसे. आता पाटलाला हे गोड लागत असेल का, हे तुम्हीच ठरवा. मी काही बोलत नाही.

राजमहंमद हे शिकला कुठं? तर धरणाच्या कामावर. मुंबईच्या गोदीतून एक पाणबुड्या यायचा, डोक्यावर तांब्याचा टोप घालून. त्याच्या टोपात हवा सोडायचा हातपंप फिरवायला राजमहंमद होता. पंप फिरवता फिरवता त्यानं दोरीची भाषा उचलली. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सैल सोड, तीन म्हणजे ओढ. टोप काही त्याच्या वाट्याला आला नाही. तो छातीच्या भात्यावर बुड्या मारायचा आणि धरणाच्या तोंडावरच्या कंपनीच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढायचा. दोरी धरायला त्याची बायको मदिना. ती मनात आकडे मोजायची. ऐंशीला एक हिसका, शंभराला काही न विचारता ओढून घ्यायची. गाव म्हणायचं, मुलाण्याचा श्वास त्याच्या नाकात नाही, बायकोच्या मनगटात आहे.

त्या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम म्हणून मुखवटा होडीतून न्यायचं पाटलानं काढलं. होडी कंपनीनं टाकून दिलेली, पत्र्याची. वल्ही राजमहंमदाकडं. मुखवटा शिसवी पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुणी हात मारू नये म्हणून पाटलानं ती पेटी स्वतः होडीच्या फळीला काथ्यानं आवळून बांधली. देवळाच्या जागेवरून जरा पुढं गेल्यावर कोणीतरी "कळस दिसतोय!" म्हणून ओरडलं आणि सगळे मानकरी एका बाजूला वाकले. पत्र्याची होडी कसली सावरतेय! सहाच्या सहा पाण्यात. राजमहंमदानं एकेकाला धरून काठाला लावलं, पाटलाला तर शेंडीला धरून. होडी मात्र पेटीसकट तळाला गेली. पेटी मांडीवर असती तर वाचली असती. पण विश्वास नव्हता ना!

होडी गेली ती जागा राजमहंमदानं तिथल्या तिथं हेरून ठेवली. समोरच्या डोंगराची पांढरी दरड आणि अलीकडचं जळकं आंब्याचं झाड एका रेषेत. तिथं खाली गावाची पाटील आळी. देवळापासून डाव्या हाताला सातव्या घरानंतर एक बोळ जुन्या ओढ्याकडं उतरतो. "होडी त्या बोळात घसरली आसंल," तो म्हणाला. "उतार तितंच हाय."

काठावर कपडे पिळता पिळता पाटलानं हे ऐकलं आणि डोळे बारीक केले.

"जागा लय नेमकी ठावं हाय तुला, राजमहंमद?"

"वल्हं माज्या हातात व्हतं, आबा. मला न्हाई तर कुनाला ठावं असनार?"

"त्येच म्हंतोय म्या. वल्हं तुज्या हातात व्हतं."

झालं. एवढं एक वाक्य. संध्याकाळपर्यंत मी ते चार वाड्यांना पोचवलं, तिकीट न लावता. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं परत आलं तेव्हा चांगलं अंगापिंडानं भरलं होतं: मुलाण्यानं होडी मुद्दाम उलटली, पेटी मागाहून काढून गुपचूप लोणावळ्याच्या बाजारात विकायची म्हणून. पाटील आळीतल्या कोंडाजीला तर त्याही पुढचं सुचलं होतं. "वीस वरसं आपून कपाळाला माती लावतोय," तो पारावर म्हणाला, "ती देवळाची कशावरून? काठाच्या बुडातली नसंल कशावरून? खाली कोन बघाया गेलंय?" पारावरच्या सगळ्यांचे हात आपोआप कपाळाला गेले.

पाटलानं निकाल दिला. जत्रेच्या आदल्या दुपारपर्यंत पेटी आली नाही, तर मुठीचा मान यंदापासून बंद आणि फौजदाराला वर्दी. ज्यानं देवाला बुडवलं त्याच्या हातची माती गाव लावणार नाही. राजमहंमद दोर गुंडाळायला लागला. मदिना बोलली, "पाटील, वर्दी उद्या द्या. आदी तराफा द्या."

बांबू आणि रिकामे पिंप बांधून तराफा केला. खाली काही लबाडी होऊ नये म्हणून पाटलानं त्यावर दोन पहारेकरी बसवले, अंबाजी गुरव आणि मी. गुरव देवाचा माणूस म्हणून, आणि मी? पाहिलेलं पोटात ठेवणार नाही याची खात्री म्हणून. पाटलाची पारख चुकीची नव्हती.

चैत्रातलं ते पाणी वरून आरशासारखं. तीन पुरुष खोल, तरी तळ दिसेल असं वाटतं. पण राजमहंमद उतरला आणि त्याच्या खालून तांबूस ढग उठला, पाण्यात पीठ ओतल्यासारखा. वीस वर्षांचा गाळ. वर आल्यावर मी विचारलं, "डोळे उघडे ठेवतोस का?"

"मिटून घेतो. उगडे ठेवले की गाळ चकवतो. वाटतं हितं उजेड हाय, तितं भिंत हाय. बोटं खोटं बोलत न्हाईत."

त्याची रीत अशी. एक धोंडा दोरीला बांधून देवळाच्या जोत्यावर सोडायचा. त्या दोरीनं सरळ खाली. मग कमरेच्या दुसऱ्या दोरीसकट जोत्यापासून डाव्या हातानं आळी धरायची. पाय हलवायचा नाही, पाय हलला की गाळ उठतो. बोटांच्या टोकांनी पुढं सरकायचं, घोरपडीसारखं. मातीच्या भिंती कधीच विरघळून गेलेल्या. उरले फक्त उंबरे, सागाचे, दगडी जोत्यात बसवलेले. एका बुडीत दोन घरं व्हायची. पोचलेल्या जागी खुंटी ठोकून दोरी बांधायची, वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा त्याच दोरीनं खाली.

चार बुड्यांत तो सातव्या उंबऱ्याला पोचला. पाचव्या बुडीला तिथून डावीकडं वळला. बोळ लागायला हवा होता.

मदिना मोजत होती. साठ. सत्तर. ऐंशीला तिनं हिसका दिला. उत्तर नाही. गुरवानं माझा दंड धरला. नव्वदला तिनं शंभराची वाट पाहिली नाही, दोन्ही पाय बांबूला रोवून ओढायला लागली. दोरी येईना. मग आम्ही तिघांनी ओढली आणि राजमहंमद वर आला तो पाठीवर ओरखडे आणि हातात करवंदीच्या काळ्या पडलेल्या फांद्या घेऊन. कुणाच्या तरी परसात घुसून जाळीत अडकला होता. बोळ नाही, होडी नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. सात उंबरे, वळण, करवंदीची जाळी. वर आल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "बोळ जागेवर न्हाई."

काठ जवळच होता. हशा काठावरून आमच्यापर्यंत आला. कोंडाजीचा शेजारी नथू ओरडला, "आता बोळ पन चोरीला गेला म्हना की!" आणि खरं सांगतो, मीही हसलो. माणूस खोटं बोलायला लागला की आधी वस्तू हरवते, मग जागा हरवते, असं माझं मत होतं. जत्रेला दोन दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी थैली खांद्यावर टाकून परत जाताना मी मुलाण्याच्या कुडामागून गेलो. वाट तिकडूनच होती. बरं, नव्हती, पण गेलो. मदिना चुलीपुढं बसून त्याच्या पाठीला हळद लावत होती.

"अवो, आकडा नका सांगू मला," ती म्हणत होती. "कुनाच्या उंबऱ्यावर हात ठिवला त्ये सांगा."

"कुनाचा म्हंजे? उंबरा तो उंबरा. पैला, दुसरा, तिसरा."

"कसं बोलता? तुमी घरात पाय टाकून पुढं जानारे. मी सा वरसं बलुतं मागाया एकेका उंबऱ्याशी बसलेय. आतनं दानं येईस्तोवर माजा हात उंबऱ्यावरच असायचा. अंबाजीमामाचा मधून झिजलेला. कोंडाजीच्याला घोड्याचा नाल ठोकलेला. नथूच्याला कोपऱ्यात बिब्ब्याचा डाग, पर लाकूड गुळगुळीत. बयाबाईच्याला खड्डा, ती तितंच मिरच्या कुटायची. पाचवा पाटलाचा, त्याला दोन पितळी फुलं. तुमाला घावली का फुलं?"

मग राजमहंमद म्हणाला, "फुलं घावली न्हाईत."

"मग उद्या वळायच्या आदी पाचव्याशी थांबा," मदिना म्हणाली.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, एवढंच सांगतो. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवायची माझ्या जिवाला सवय नव्हती. पण ही कुणाला सांगितली तर कुडामागं का गेला होतास, हेही सांगावं लागलं असतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सगळं गाव काठावर होतं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. पाटील फेटा बांधून, हातात काठी घेऊन उभा. राजमहंमद उतरला. दोन घरं, वर आला. पुन्हा दोन घरं. वर आला, मदिनाकडं बघून म्हणाला, "मिरच्यांचा खड्डा घावला." गुरवाला वाटलं, गडी वातात बरळतोय.

तिसरी बुडी लांबली. ऐंशीचा हिसका गेला, खालून ठीक म्हणून एक हिसका आला. पंच्याण्णवला तो वर आला. तराफ्याला लटकून त्यानं तोंडावरचा गाळ पुसला आणि काठाकडं हाक मारली.

"आबा! रखमाजी आबा! तुमचा उंबरा कुटंय?"

पाटलानं काठी वर केली. "काय बरळतोय? पेटी कुटंय त्ये बोल!"

"पेटी सांगतो. आदी उंबरा सांगा. बयाबाईच्या म्होरं जोतं हाय, जोत्यात दोन चौकोनी खोबनी हायेत, अन मधी गाळ. उंबरा न्हाई. उपसलेला हाय. म्हनून आठवा उंबरा म्या सातवा धरला अन आठव्याच्या परसात म्या दोन दिस मरत व्हतो."

"खोटं! पान्यानं वाहून गेला आसंल!"

"सागाचा जडशीळ उंबरा, दोन्ही कडंनी खोबनीत बसवलेला. वाहून ग्येला अन बयाबाईचा ऱ्हायला?"

गाव पाटलाकडं बघायला लागलं. संशय ही मोठी हलकी वस्तू. आठवडाभर तो एका खांद्यावर बसून होता, आता उडून दुसऱ्या खांद्यावर बसला, आणि मध्ये कोणाला पंखांचा आवाजही आला नाही. कोंडाजीनं फेट्याआडून पाटलाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, जणू उंबरा त्याच्या धोतरात असेल.

"बेलभंडार कुनी उचलाया लावला व्हता?" बायकांतून कोणीतरी म्हणालं.

पाटील काही बोलणार, तोच त्याची बायको रतनबाई पुढं आली. पदर नीट केला आणि नवऱ्याकडं न बघता सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "देवघराच्या दाराला हाय. फुलं उपटून टाकली, पर भोकं दिसत्यात. वीस वरसं रोज सकाळी माजा अंगठा ठेचतोय त्याच्यावर. देवघराला एवढा उंच उंबरा कुनाच्या घरी बघितलाय का?"

"अगं ए!" पाटील म्हणाला, पण त्या आवाजात पाटीलकी नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. पाटलाच्या म्हाताऱ्या आईनं घर सोडताना अन्न सोडलं होतं. नवरी होऊन माप ओलांडून ती त्याच उंबऱ्यावरून आत आली, सासरा आणि नवरा त्यावरूनच बाहेर गेले. दुसऱ्या उंबऱ्यावरून मी आत जाणार नाही, मला हितंच बुडू द्या, म्हणाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवायला बसलं असताना, रखमाजीनं उंबरा उपसला आणि वैरणीच्या गाडीत घालून वर नेला, आणि कुणाला दिसू नये म्हणून देवघराला बसवला. बेलभंडार उचलून चारच दिवस झाले होते. म्हातारी वर्षभर त्यावर बसली आणि गेली. उंबरा राहिला. परत नेऊन ठेवावा तर वर तीन पुरुष पाणी.

"तुमी तेवा आमाला सांगितलं असतं," अंबाजी गुरव तराफ्यावरून म्हणाला, "तर काय न्हाई म्हनलो असतो का?"

काठी खाली ठेवून पाटील काठावर बसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्या नजरेला म्हातारा दिसला.

राजमहंमद त्या वेळी दम घेत होता. त्यानं हे सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. "मदिना, दोरी सोड," म्हणाला आणि गेला. आता त्याला आकडा नको होता. पितळी फुलांच्या रिकाम्या खोबणीपुढचा एक उंबरा, त्याच्या पुढचा दुसरा, आणि तिथं डावीकडं. खालून दोन हिसके आले, सैल सोड. मग बराच वेळ काही नाही. मग एक हिसका. मग इतक्या जोरात तीन, की मदिनाचा तोल गेला. आम्ही ओढलं. पाण्याच्या वर आधी कापलेला काथ्या आला, मग शिसवी पेटी, कुलूप जसंच्या तसं, आणि तिला मिठी मारून राजमहंमद.

काठावर ढोल वाजायला लागला. मी मात्र पहारेकरी होतो, त्यामुळं कुलूप हलवून बघितलं. बंद होतं. चावी पाटलाच्या करगोट्याला. उघडली तर मुखवटा आत, कपाळावर गाळाचा एक पट्टा, जणू देवानंच यंदा आपली आपण माती लावून घेतली होती.

जत्रा झाली. मुठीची माती पाटलानं खाली मान घालून कपाळाला लावून घेतली. राजमहंमदानं अंगठा जरा जास्तच दाबला, असं मला वाटलं. उंबऱ्याचा निकाल गावानं असा दिला, की तो खाली जायचा, आणि नेऊन बसवायचा राजमहंमदानंच. रतनबाईनं तो काढायला स्वतः हात लावला. पुढच्या वर्षी पाणी उतरलं तेव्हा उंबऱ्याला दगड बांधून, दोरानं, सात-आठ बुड्यांत त्यानं तो खोबणीत बसवला. बसवला म्हणाला.

म्हणाला! बघा, पुन्हा तिथंच आलो आपण. तो बसला की ओढ्याकडं घसरत गेला, खाली कोण बघायला गेलंय? मी हे पारावर एकदाच, तेही हळूच बोललो. दुसऱ्या दिवशी राजमहंमद माझ्या वाटेत उभा.

"टपालवाले, उद्या जत्रेच्या बुडीला दोरी तुमी धरा. मदिना मोजंल. हरेक उंबऱ्याला एक हिसका देतो. तुमच्या हातानं मोजा."

सकाळी थैलीसकट हजर झालो. तराफ्यावर बसलो, दोरी मनगटाला गुंडाळली. पहिल्या बुडीत दोन हिसके, अंबाजी आणि कोंडाजी. दुसऱ्या बुडीत दोन, नथू आणि बयाबाई. तिसऱ्या बुडीला दोरी सरळ खाली गेली आणि थांबली. मदिना ओठांत मोजत होती. तीस. चाळीस. पन्नासाच्या पुढं गेल्यावर दोरीनं एकदाच, शांतपणे, मनगट खाली ओढलं.

"बसला का इस्वास?" मदिना म्हणाली.

"बसला," मी म्हणालो. "पण वहिनी, दोरी शेवटी त्याच्याच हातात आहे की."

"मग तुमी जा खाली. दोरी मी धरते."

मी थैली पोटाशी धरली. राजमहंमद वर आला, हातात मूठ घट्ट. काठावर गाव थांबलं होतं, पण त्यानं पहिलं बोट माझ्या कपाळाला लावलं आणि हसला. तो काठाकडं वळल्यावर मी हळूच कपाळावर बोट फिरवून वास घेतला. काठाच्या मातीला शेणामुताचा वास येतो. गावाची गुरं तिथंच पाणी पितात.

ह्या मातीला तसा वास नव्हता.